कळसासकट

बस वळते की नाही, एवढाच प्रश्न होता. बस आणून वळवून बघितली असती तर घटकाभरात उत्तर मिळालं असतं. पण माझी पुतणी सृष्टी तळेगावच्या ज्या कॉलेजात अकरावीला आहे, तिथला नियम असा की नवा थांबा पाहिजे असेल तर जागेचा फोटो त्यांच्या वेबसाइटवरून पाठवायचा. फोटो त्यांच्या सर्व्हरवर जमा होणार, साहेब लोक तो खुर्चीत बसून बघणार, आणि त्यात बस वळेल असं त्यांना वाटलं तर बस येणार. रस्त्याला विचारायचं नाही, बसला विचारायचं नाही. फोटोला विचारायचं.

आमची वाडी आंदर मावळात, धरणाच्या वरच्या अंगाला. कॉलेजची बस फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून वर वाडीपर्यंत रस्ता आहे. प्लॉटवाल्यांचे खडीचे डंपर त्यावरून येतात, बोअरची गाडी येते. मग बसला काय धाड भरली, असं मी कॉलेजात फोन करून विचारलं होतं. शब्द जरा सौम्य होते. तिकडून चिंतामणी सर म्हणून बसचं काम बघणारे आहेत ते म्हणाले, येईल हो बस, पण वळायला जागा लागते. डंपर रिव्हर्समध्ये जातो, मुलींची बस तशी नेता येत नाही. फोटो पाठवा.

दिवाळीपर्यंत सृष्टी तळेगावात तिच्या मावशीकडे राहिली. दिवाळीत मावशीच्या घरात सून आली. दोन खोल्यांत सून आल्यावर भाचीला जागा उरत नाही. मावशी तोंडानं काही बोलली नाही, पण सृष्टी सुट्टीला आली ती गादी आणि पुस्तकं घेऊनच आली. आता वाडीतून रोज जायचं म्हटलं तर पहाटे अंधारात निघून फाट्यापर्यंत रान तुडवायचं, आणि संध्याकाळी परत अंधारात रान तुडवत वर यायचं. मागच्या महिन्यात त्याच वाटेवर बिबट्यानं कस्तुराबाईचं वासरू नेलं. माझा थोरला भाऊ महिपती, म्हणजे सृष्टीचा बाप, कमी बोलतो. त्यानं एकदाच सांगितलं, गाडी वाडीत आली तर जायचं, न्हाई आली तर बास झालं शिक्षन.

आणि ते बास झालं की पुढचं तयारच होतं. मळवलीचं एक स्थळ आलेलं. मुलगा मुंबईवाल्यांचे बंगले सांभाळतो. मुलगा वाईट नाही. पण आता नुसती सुपारी फोडू, लग्न पोरीचं वय झाल्यावर करू, असं त्यांचं बोलणं. म्हणजे कायदा पण खूश आणि पोरगी पण अडकली. सृष्टीच्या आईला, अनितावहिनीला, हे नको होतं. दादाला हवं होतं असं नाही, पण नको असंही तो बोलत नव्हता. न बोलणाऱ्या माणसाचा हाच तोटा, त्याच्या गप्प बसण्याचं दुसरेच काहीतरी करून टाकतात.

तर फोटो. शुक्रवारपर्यंत जायला हवा होता. सहामाहीला एकदाच बसचे रस्ते ठरतात.

वाडीत सपाट जागा एकच, भैरोबाच्या देवळापुढचं पटांगण. बाकी सगळी वाडी उतारावर, आमच्याकडं चेंडू पडला तर धरणात सापडतो. आणि त्या एकुलत्या एक सपाटीवर हौशीराम आबाचं खळं. दर साली तो तिथंच भात झोडतो. शेणानं सारवलेली जमीन, मधोमध तिवडा म्हणजे रोवलेला खांब, बाजूला भाताच्या भाऱ्यांची ही उंच उडवी. त्याचा पोरगा ओंकार चाकणला कंपनीत, मजूर मिळत नाहीत, म्हातारा एकटा रोज दोन-चार भारे झोडायचा आणि बिडी ओढत बसायचा. या हिशोबानं खळं मार्गशीर्षात उठलं असतं.

दादा त्याच्याकडं गेला नाही. भावकीत कुणाकडं काही मागायला जाणं म्हणजे दादाला दात उपटून घेतल्यासारखं. मी गेलो. आबाला म्हणालो, एका दिवसापुरता तिवडा काढा, उडवी सरकवू, फोटो काढू, परत होतं तसं लावून देतो.

आबा म्हणाला, "रास उचलल्याबिगर तिवडा उपटत्यात व्हय रं? तुज्या बापानं कदी उपटला व्हता?"

माझ्या बापानं कधी फोटो पण पाठवला नव्हता, असं मी म्हणालो. त्यावर त्यानं मला पायताण काढून खळ्याबाहेर उभं राहायला सांगितलं. मी बाहेरच उभा होतो.

खरं सांगतो, मला राग आला होता. एका पोरीचं सगळं पुढचं आयुष्य एका लाकडाला अडकलेलं, आणि म्हातारा त्या लाकडाला हळद-कुंकू लावतोय. पण खोटं कशाला बोलू, रास उचलायच्या आधी तिवडा मी पण उपटला नसता. हात धजावला नसता.

मार्ग कस्तुराबाईनं काढला. वासरू गेल्यापासून ती दारात बसून सगळ्यांचे वाद ऐकत असते. ती म्हणाली, "तिवडा काढू नगा, रासच उचला. इर्जिक घाला."

इर्जिक म्हणजे एकाचं काम सगळ्या वाडीनं मिळून एका दिवसात उरकायचं. पैसा द्यायचा नाही, ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. माझ्या लहानपणी असायच्या. मग ट्रॅक्टर आले, कंपन्या आल्या, आणि एकमेकांच्या रानात जायचं लोक विसरले. हौशीराम आबाला विचारलं तर तो म्हणाला, मी बोलावलं न्हाई, तवा जेवान मी घालनार न्हाई. झोडायचं तर झोडा. वहिनी म्हणाली, जेवण माझ्याकडं. आबानं पुढं विचारलं, काय करणार? वहिनीनं सांगितलं, काळ्या वाटाण्याची आमटी, तांदळाच्या भाकरी, भात. आबा म्हणाला, मटान न्हाई का? अशा माणसाचं काय करायचं सांगा.

गुरुवारी सकाळी सगळी वाडी खळ्यात. ओंकारनं रजा टाकली. ज्यांचं आबाशी बांधावरून बोलणं बंद होतं ते पण आले, आबाकडं न बघता त्याचं भात झोडत होते. बाया भारे देत होत्या, बाप्ये झोडत होते, पोरं पेंढा वाहत होती. धुरळ्यात कुणाचं तोंड कुणाला ओळखू येईना. सगळ्यांचे मोबाईल निघाले, सगळ्यांनी फोटो काढले. दुपारी पंगत बसली. आबानं आमटी तीनदा मागून घेतली आणि वाटाणा जरा कच्चा राहिला असं सांगितलं.

उन्हं कलायच्या आत रास भरली. आबानं पूजा केली, नारळ फोडला, पोती घरी गेली. तिवडा त्यानं स्वतः उपटला. खड्ड्यात दगड घालून मी वरून पाय मारला. पटांगण मोकळं. इतकं मोठं आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं.

आता फोटो पाठवायची तऱ्हा सांगतो, म्हणजे काय झालं ते कळेल.

वाडीत टॉवर आहे. त्याचं उद्घाटन झालं, नारळ फुटला, जेवणं झाली. टॉवर उभा आहे. फक्त त्यातून रेंज येत नाही. रेंज वर खिंडीत येते, तिथं पलीकडच्या टॉवरची हवा लागते. घाम निघेल एवढी चढण. आणि कॉलेजच्या वेबसाइटला मोबाईलमधला आधी काढलेला फोटो चालत नाही. मागं कुणीतरी भलत्याच गावचं मैदान पाठवलं म्हणे, तेव्हापासून त्यांच्या पानावरच कॅमेरा उघडायचा, तिथंच फोटो काढायचा आणि तिथूनच पाठवायचा. म्हणजे आधी खिंडीत जाऊन पान उघडायचं. उघडं पान घेऊन खाली यायचं. फोटो काढायचा. फोटोवाल्या पानासकट परत खिंडीत चढायचं आणि पाठवायचं बटण दाबायचं. मी सृष्टीला विचारलं, अगं पण फोटो एकदा निघाला की मोबाईलमध्ये राहील की.

ती म्हणाली, "न्हाई ना काका. तो कुटंच ठेवलेला नसतो. नुसता पानावर दिसतो. त्यांच्या सर्व्हरनं 'जतन झाले' म्हटलं की मग तो हाय. तवर न्हाईच."

कस्तुराबाईला हे बरोबर समजलं. ती म्हणाली, म्हंजी आमी चूल इझली की दुसऱ्याच्या घरनं इस्तू आनायचो तसं. मधी वारं लागलं की गेला.

मोबाईल अनितावहिनीचा, कारण कॉलेजात तिचाच नंबर लिहिलेला. मोबाईल स्वस्तातला. एका वेळी एकच गोष्ट त्याला झेपते, दुसरी सांगितली की पहिली टाकून देतो. सृष्टीनं सकाळीच खिंडीतून पान उघडून आणलं होतं. रास गेल्यावर तिनं पटांगणाच्या कडेला उभं राहून मोबाईल आडवा धरला आणि फोटो काढला. छान आला. या टोकापासून त्या टोकापर्यंत जागा दिसत होती. देवळाचा तेवढा वरचा निम्मा भाग कापला गेला होता. आम्ही देवळाकडं बघत नव्हतोच, आम्ही वळण बघत होतो.

ती आणि मी खिंडीत चढलो. मोबाईल तिनं छातीशी धरलेला, अंगठा काचेवर नको म्हणून कडांना धरलेला, आणि पडदा विझू नये म्हणून मधून मधून हळूच बोट लावत होती.

खिंडीत पोचलो. रेंजची एक काडी आली, दुसरी आली. आणि दिवसभर तुंबलेलं सगळं एकदम अंगावर आलं. पोरांनी दुपारपासून खिंडीत येऊन येऊन इर्जिकेचे फोटो वाडीच्या ग्रुपवर टाकलेले. पंगतीचे, राशीचे, हौशीराम आबाचे, ओंकारच्या नव्या टीशर्टाचे. मोबाईल मधमाश्यांच्या पोळ्यासारखा थरथरायला लागला. तरी पान टिकून होतं. सृष्टीनं 'पाठवा'वर बोट ठेवायला आणि मोबाईल वाजायला एकच गाठ पडली. मावशी. तळेगावची. तिला बिचारीला आत खात होतं, त्यामुळं ती सकाळपासून लावत होती.

"गेला का गं फोटो?"

सृष्टीनं फोन ठेवला आणि पान बघितलं. पान पांढरं होतं. मग ते पहिल्यापासून उघडलं. विद्यार्थिनीचं नाव, थांब्याचं नाव, आणि फोटोच्या जागी रिकामी चौकट.

ती दगडावर बसली. रडली नाही. मावशीला काही सांगू नका, एवढंच म्हणाली.

खाली आल्यावर वाडीला कळलं. आणि हौशीराम आबानं लगेच कारण सांगितलं. त्यानं विचारलं, फोटोत देऊळ होतं का? होतं. कळस? कळस कापला गेला होता. झालं.

"भैरोबाचं मुंडकं उडीवलं आन म्हंत्यात फोटू का गेला न्हाई."

मी त्याला मेमरी समजावली, फोन आल्यावर काय होतं ते समजावलं. तो म्हणाला, फोन त्याच घडीला का आला? मला वाटलं वहिनी तरी हसेल. वहिनी हसली नाही. तिनं देवळापुढं जाऊन हात जोडले आणि सृष्टीला सांगितलं, उद्या कळसासकट काढ.

रात्री सृष्टीनं तयारी केली. मोबाईलमधलं व्हॉट्सअप उडवलं, आईचे सगळे गुड मॉर्निंगचे गुलाब उडवले. सिम काढून डबीत ठेवलं, म्हणजे फोनच येणार नाही. खिंडीत माझ्या मोबाईलची रेंज त्या मोबाईलला द्यायची असं ठरलं. पोरीचं डोकं चालतं, एवढंच सांगतो.

शुक्रवारी सकाळी परत तेच. खिंडीत जाऊन पान उघडलं, खाली आलो. पटांगणात निम्मी वाडी हजर. आबा तर धुतलेला सदरा घालून फोटोत उभाच राहिला. म्हणाला, मी हितं उभा ऱ्हातो, म्हंजी जागा केवडी मोटी हाय ते सायबाला कळंल. हे मात्र पटलं. सृष्टीनं मोबाईल आडवा धरला. लगेच आवाज, कळस आला का? नाही आला. मागं सरकली. मागं करवंदीची जाळी, आणखी सरकायला जागा नाही. आडव्यात कळस मावेना. मग तिनं मोबाईल उभा केला. खाली पटांगण, मधी आबा, वर देऊळ, आणि कळसाच्या वर बोटभर आभाळ. आबानं येऊन स्वतः बघितला आणि पसंत केला.

खिंडीत या खेपेला काही वाजलं नाही. सृष्टीनं बटण दाबलं. एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. मी माझा मोबाईल डोक्यावर धरून उभा, पुतळ्यासारखा. मग हिरव्या अक्षरात आलं, फोटो जतन झाले आहे. फोटो झाले आहे की झाला आहे, याची चौकशी करायची ती वेळ नव्हती. सृष्टीनं माझ्या पाठीत एक धपका घातला. लहान असताना घालायची तसा.

पुढच्या आठवड्यात सृष्टी खिंडीत जाऊन आली तेव्हा वहिनीच्या मोबाईलवर कॉलेजचा निरोप आला. अर्ज नाकारला. कारण: थांब्याच्या ठिकाणी उभा कडा, बस वळण्यास जागा नाही.

उभा कडा. मी तो निरोप चार वेळा वाचला. आमच्या भोवती कडे आहेत, नाही असं नाही. पण देवळापुढं? मला आधी वाटलं दुसऱ्या कुणाचा फोटो आमच्या नावावर लागला. मग वाटलं बघितलाच नाही. संध्याकाळी दादा गोठ्यातून आला, वहिनीनं सांगितलं, तो हात धुवून जेवायला बसला. जेवताना म्हणाला, मळवलीच्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. सृष्टीच्या ताटातला भात तसाच राहिला.

मी म्हणालो, दादा, एकदा कॉलेजात जाऊन विचारू. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणू देत. त्याच्या तोंडून हो निघालं नाही. सकाळी मात्र इस्त्रीचा पायजमा घालून माझ्या गाडीजवळ येऊन उभा राहिला.

आम्ही तिघं तळेगावला गेलो. चिंतामणी सर भले माणूस निघाले. पाणी दिलं, बसा म्हणाले, सृष्टीला तुकडी विचारली. पण फोटोचं काढल्यावर म्हणाले, ते सिस्टीममध्ये ठरतं, माझ्या हातात नसतं. मी विचारलं, मग बघतं कोण? तर म्हणाले, बघतो मीच.

त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो काढून दाखवला. खूप फोटोंच्या रांगेत आमचा, टिकलीएवढा. त्यावर बोट मारून मोठा केला.

फोटो आमचाच होता. पण कुशीवर पडलेला. देऊळ आडवं, कळस खिडकीकडं गेलेला. पटांगण एका बाजूला भिंतीसारखं सरळ उभं. आणि त्या भिंतीला हौशीराम आबा धुतलेल्या सदऱ्यात, पाल चिकटावी तसा आडवा चिकटलेला.

"हे बघा," सर म्हणाले, "सरळ कडा आहे. इथं बस कशी वळवणार?"

सृष्टी सांगायला लागली, सर, मी मोबाईल उभा धरला होता, तो तुमच्याकडं येताना फिरलाय. सर म्हणाले, बाळा, आम्हाला जसा येतो तसा आम्ही बघतो. ती म्हणाली, सर, देऊळ बघा ना. सर म्हणाले, देवळाचा प्रश्नच नाही, प्रश्न बसचा आहे. एवढा शिकलेला माणूस. आडवं देऊळ बघितलं, आडवा माणूस बघितला, आणि लिहून टाकलं उभा कडा. मान वाकडी करायला कितीसे कष्ट पडतात?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा उठला. कॉम्प्युटरला त्यानं जन्मात हात लावला नव्हता. भाताचा भारा उचलतात तसा दोन्ही हातांनी त्यानं तो पडदा धरला आणि टेबलावर कुशीवर निजवला. वायर ताणली गेली, पेनांचा डबा पडला. सर अहो अहो करत उभे राहिले. दादानं हात काढला नाही, पडदा घसरू नये म्हणून धरून ठेवला.

आता देऊळ उभं होतं. कळस वर होता. हौशीराम आबा जमिनीवर उभा होता, आणि त्याच्या चारी बाजूंना एवढी मोठी सपाट जागा.

सर पडद्याजवळ वाकले. मग म्हणाले, "अरे."

त्यांनी लोणावळ्याला फोन लावला. श्रीयश म्हणून पोरगा आहे, त्यानं हे पान बनवून दिलंय. सरांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तो म्हणाला, हो सर, मोबाईल उभा धरून काढलेला फोटो सर्व्हरवर आडवा पडतो, माहितेय मला, ते करायचं राहिलंय. किती थोड्या शब्दांत सांगितलं त्यानं. त्याच्या राहून गेलेल्या कामावर मळवलीत सुपारी फुटली असती, हे त्याला कुणी सांगायचं? मी सांगितलं. फोनवरूनच सांगितलं, जसं सुचलं तसं. सरांनी फोन उचलून कानाला लावला, म्हणजे माझं पुढचं त्याला ऐकू जाऊ नये.

मग सर सृष्टीला म्हणाले, हे बघ, सिस्टीममध्ये आता नाकारला असं पडलंय. तू नवीन फोटो पाठव. आडवा काढ. मी दोन दिवस अर्जाची खिडकी उघडी ठेवायला सांगतो.

सृष्टी लगेच हो सर म्हणाली. ती दहा वेळा चढली असती खिंड.

"न्हाई," दादा म्हणाला.

आम्ही सगळे त्याच्याकडं बघायला लागलो. पडदा अजून त्याच्या हातात होता.

"सायेब, आख्ख्या वाडीनं एका दिसात खळं उरकलं, तवा जागा मोकळी झाली. पोरगी दोनदा फोटू घिऊन डोंगर चढली. आमाला जेवडं यायचं तेवडं आमी तुमच्यापतुर आलो. आता फोटू न्हाई. आता तुमी या. गाडी घिऊन या. वळली तर माजी पोरगी चढंल. न्हाई वळली तर मी परत तोंड दावनार न्हाई."

एका दमात एवढं बोललेला दादा मी पहिल्यांदा ऐकला. सृष्टीनं तर बापाकडं असं बघितलं जसं कुणी परकाच माणूस बोलतोय. सरांनी चष्मा पुसला. त्यांना राग आला होता की आलेला राग गेला होता, मला सांगता येत नाही. पडदा सरळ करा आधी, म्हणाले. दादानं केला. आबा परत भिंतीला चिकटला.

शनिवारी बस आली. खाली वळणावर हॉर्न वाजला तेव्हा वाडीतली सगळी कुत्री रस्त्यावर, त्यांच्या मागं सगळी पोरं. ड्रायव्हर अतुल, खालच्या टाकवे गावचाच, त्याला रस्ता पाठ. पुढच्या सीटवर चिंतामणी सर, मागं श्रीयश. बारकं पोरगं निघालं, मला वाटलं होतं कुणी मोठा माणूस असेल. आमच्याकडं न बघता खिडकीतून धरण बघत होतं. फोनवर बोललो होतो ते पुरेसं होतं.

हौशीराम आबा पटांगणाच्या मधोमध, जिथं तिवडा होता तिथं उभा राहिला आणि हात हलवून बसला रस्ता दाखवायला लागला. येऊ द्या, येऊ द्या, थोडी डावीकडं. अतुल त्याला म्हणाला, आबा, आधी तुम्ही बाजूला व्हा, मग येतो. आबा बाजूला झाला. अतुलनं गोल घेतला, करवंदीपाशी एकदा मागं घेतली, पुन्हा पुढं. बसचं तोंड फाट्याकडं झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डंपर आल्यावर पण कुणी वाजवत नाही.

दादानं सृष्टीकडं बघून नुसती मान हलवली. शनिवार, कॉलेजला दांडी मारायचाच दिवस, पण ती गणवेश घालून, दप्तर भरून तयारच बसलेली. वहिनीनं डबा दिला. ती चढली, खिडकीची जागा धरली. वहिनीनं पदरानं नाक पुसलं आणि घरात गेली. मळवलीला काय कळवायचं ते दादा त्या दिवशी संध्याकाळी खिंडीत जाऊन स्वतः कळवून आला.

एवढ्यावर संपायला हरकत नव्हती. पण चिंतामणी सर खाली उतरले आणि खिशातून मोबाईल काढला. म्हणाले, सगळं पटलं, पण सिस्टीममध्ये फोटो लागतोच. त्याशिवाय मंजूर होत नाही. निघतानाच पान उघडून आणलं होतं त्यांनी. मोबाईल उभा धरून ते फोटो काढायला लागले.

"सर, आडवा," खिडकीतून सृष्टी म्हणाली.

सरांनी आडवा केला.

"सायेब," हौशीराम आबा म्हणाला, "कळस येतुया का?"

सरांनी मोबाईलमध्ये बघितलं, देवळाकडं बघितलं, आबाकडं बघितलं. मग करवंदीच्या जाळीत मागं मागं शिरत गेले. पँटला काटे लागले, शर्टाची बाही अडकली. सगळं मावल्यावर त्यांनी फोटो काढला आणि काटे काढत बाहेर आले. पाठवायला लागले तर रेंज नाही.

सृष्टीनं त्यांना सांगितलं, सर, बस फाट्याच्या खाली गेली की रेंज येईल. तोपर्यंत पान बंद करू नका. आणि कुणाचा फोन आला तर उचलू नका.

सर मोबाईल दोन्ही हातांत, कडांना धरून बसमध्ये चढले आणि तसेच बसून राहिले. अतुलनं गाडी हळू सोडली.